चहाची पाच खोकी

सावळेराम जन्मानं ख्रिस्ती आणि नावानं सावळेराम होता, आणि यात काही अडचण आहे असं त्याला कधी वाटलं नाही. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या साहेबानं त्यांना दोन-तीन नवी नावं सुचवून पाहिली होती. आजोबा म्हणाले, "साहेब, आत्मा बदलला तेवढं पुरं. नाव बदललं तर उद्या हाक कुणी मारायची आन् ओ कुणी द्यायची?" तेव्हापासून त्या घरात प्रभू नवा आणि नावं जुनी, असा कारभार सुखानं चालला होता.

मंडळीत सावळेरामाकडे तीन कामं होती. रविवारी देऊळ, म्हणजे चर्च, झाडायचं, महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे पेले धुवायचे, आणि कुणी मेलं तर कबर खणायची. तिसऱ्या कामाला फारशी मागणी नव्हती. मंडळी म्हणजे सगळी मिळून अकरा घरं. घोड नदीवरच्या धरणात पळसवाडी गेली तेव्हा ही अकरा घरं उचलून बेल्ह्याच्या रस्त्याला एका उघड्या माळावर आणून ठेवली होती. कागदावर त्या वस्तीला मोठं नाव होतं. बेल्ह्याच्या बाजारात मात्र सगळे 'बुडीतवाले' म्हणत. तरणी पोरं कामाला पुण्याला गेली, आणि म्हातारी माणसं मरायला पुण्याला गेली, कारण तिथे दवाखाने चांगले आहेत. त्यामुळे नऊ वर्षांत वस्तीच्या कबरस्तानात एकच नवी कबर पडली. ती सावळेरामाच्या बायकोची, कुशाबाईची.

बाकीच्या पाच कबरी जुन्या, म्हणजे पळसवाडीहून हलवून आणलेल्या. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी सावळेराम सगळ्यांना चुना देई. त्या पाच कबरींना दोन-दोन हात आणि कुशाबाईच्या कबरीला एक. लोकांना याचं मोठं कौतुक. "बघा," लोक म्हणत, "बायकोपरीस दुसऱ्याच्या माणसांचं जास्त करतोय." सावळेराम मान खाली घालून कुंचा फिरवी. लोकांना तो विनय वाटे.

खरी गोष्ट अशी होती, की त्या सहा कबरींत माणूस एकच होतं.

हे जगात एकट्या सावळेरामाला ठाऊक होतं. तिन्हीसांजेला वस्तीत चुली पेटल्या, की तो कबरस्तानाच्या कुंपणाशी येऊन बसायचा. घरी कुणी नव्हतं. इथे निदान कुशाबाई होती. पण बसलं की मनात एकच यायचं. बाई एकटी पडली. शेजारी म्हणून पाच घरं दिली, आणि पाचही रिकामी. तिला तो जिवंतपणी हे सांगू शकला नव्हता, आणि आता सांगायला जावं तर ती स्वतःच बघत असणार.

दोन हजार तीन सालचा, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. कबरस्तानापाशी साळुबाई आली. ही पळसवाडीच्या शाळेच्या मास्तरांची विधवा. मास्तर पुण्याच्या दवाखान्यात वारले, तिथंच पुरले गेले, त्याला वीस वर्षं झाली तरी ती सगळ्यांची मास्तरीणबाईच होती. वय पंच्याहत्तर, कंबर वाकलेली, जीभ सरळ.

"सावळ्या, मी पुण्याला जायाची न्हाई."

"कशाला?"

"मरायला. डाक्टर म्हणला, आजी, दिवाळी बघशीला का न्हाई सांगता येत न्हाई. म्हणलं, बाबा, दिवाळी मी तशीबी करीत न्हाई."

सावळेरामानं हसावं की नाही याचा विचार केला आणि खोकला काढला.

"तर ऐक," साळुबाई म्हणाली. "मला नवा खड्डा नको. मला माझ्या तबिताच्या कबरीत ठेवायचं. तिचं खोकं वर काढ, उघड, आन् पोरीला माझ्या पदरात घाल. पंचवीस वर्सं झाली तिला मांडीवर घेऊन."

"खोकं... उघडायचं?"

"मग बंद खोकं मांडीवर घेऊ व्हय? चहाचं खोकं हाय ते. प्रभूच्या म्होरं काय चहा घिऊन जाऊ?"

तबिता ही तिची एकुलती एक लेक. सात वर्षांची असताना तापानं गेली. तिची कबर सावळेरामानंच खणली होती, तेव्हा तो तरणा होता आणि खड्डा लहान असूनही त्याला दिवस पुरला नव्हता. नदीच्या पात्रातल्या पांढऱ्या गारगोट्या वेचायचं त्या पोरीला वेड होतं. एकीवर एक घासायची आणि ठिणगी पडली की वास घ्यायची.

"फ्राकाचे खिसे फाटायचे गारगोट्यांनी," साळुबाई म्हणाली. "मी लई मारलंय तिला त्यापायी." आणि आणखी काही न बोलता काठी टेकत गेली.

आता ही गोष्ट कशी घडली ते सांगायला हवं.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडी पळसवाडी रिकामी झाली. माणसं नव्या माळावर गेली, आणि मागं राहिली ती कबरस्तानातली पाच. तेव्हाचे म्हातारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जे आता नाहीत, त्यांनी सावळेरामाला आठ दिवस दिले. कबरी उकरायच्या, प्रत्येकाचे अवशेष वेगळे खोक्यात ठेवायचे, खिळे मारायचे, वर नाव घालायचं. नातेवाइकांनी हे बघू नये, मन मोडतं, असं पाळकांनीच ठरवलं. खोकी मंचरच्या रमणलालशेठच्या दुकानातून आणली, चहाची, लाकडी. कशाला हवीत हे कळल्यावर शेठनी आतला चहाचा चुरा स्वतः झटकून दिला.

आठ दिवस पुष्कळ होते. पण सावळेरामाचं स्वतःचं घरही तिथेच होतं, आणि घर सोडताना माणसाला घरातली एकेक वस्तू नव्यानं दिसायला लागते. पहिल्या दिवशी त्यानं कौलं उतरवली. मग वासे. मग दारं-खिडक्या चौकटींसकट. उंबरा उपटला. जातं काढलं. परसातल्या बाभळीचं जळण तोडून मोळ्या बांधल्या. सातव्या दिवशी दुपारी त्यानं कोंबड्यांचा खुराडा सोडवायला घेतला. तो सागवानी होता, बापानं केलेला, आणि त्याचे खिळे काही केल्या निघत नव्हते. त्यात संध्याकाळ झाली. मेलेली माणसं कुठं पळून जात नाहीत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे खरंच होतं. ती पळाली नाहीत.

आठव्या दिवशी पहाटे तो पहार घेऊन कबरस्तानात गेला. पाणी कबरस्तानाच्या कडेच्या चिंचेपर्यंत आलेलं. याबद्दल धरणाला बोल लावता येत नाही. पाणी ठरल्या दिवशी ठरल्या जागी आलं. उशीर झाला तो सावळेरामाला. पहिल्या कबरीत हातभर खणलं आणि खड्ड्यात खालून पाणी भरलं. दुसरीत तेच. तिसरीला त्यानं हात लावला नाही. अकरा वाजता टेंपो येणार होता. त्यानं हाताशी लागले ते दगड आणि माती पाच खोक्यांत भरली, खिळे ठोकले, खडूनं नावं लिहिली. अक्षर चांगलं आलं. शिकवलेलं मास्तरांनीच होतं.

टेंपो जुन्नरच्या पीरमहंमदचा. त्यानं पहिलं खोकं उचललं, खाली ठेवलं, सावळेरामाकडे बघितलं आणि म्हणाला, "सावळेभाऊ, लई जड हायती राव तुमची माणसं."

"जुनी हायती," सावळेराम म्हणाला.

पीरमहंमदनं आणखी विचारलं नाही. खोक्यांच्या वर खुराडा चढवला, दोरी आवळली. माळावर सगळी मंडळी उभी होती. खोकी उतरताना साळुबाईनं तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला आणि कबरीत जाईपर्यंत काढला नाही. गाणं झालं, प्रार्थना झाली. दगडांना ख्रिस्ती रीतीनं मूठमाती मिळाली.

त्या दिवसापासून सावळेरामानं दोन गोष्टी सोडल्या. कोंबड्या पाळल्या नाहीत. खुराडा परसात तसाच, दार उघडं, रिकामा. आणि प्रभुभोजन घेतलं नाही. पेले धुणारा माणूस मागंच उभा असतो, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेवीस पेले पुढं जायचे, तेवीस परत यायचे. तो ते राखेनं घासून, दोनदा विसळून, फडक्यावर पालथे घालायचा. आपण दुसऱ्यांच्या तोंडचे पेले धुवावेत एवढीच आपली लायकी, हे त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आता साळुबाईनं खोकं उघडायला सांगितलं, आणि त्यात अडचण काहीच नव्हती. अडचण नव्हती हेच त्याला भेडसावत होतं. कबर तोच उकरणार. खोकं तोच उघडणार. मेलेली बाई वाकून बघत नाही, आणि जिवंत लोक अशा वेळी आकाशाकडे बघतात. पदरात चार काटक्या बांधून ठेवल्या तरी चालणार होतं. साळुबाई सुखानं जाईल, मंडळी रडेल, आणि खोटं पुरं होईल. खोटं पुरं करायची एवढी सोय देव क्वचित कुणाची करतो. सावळेरामाला मात्र जेवण जाईना.

शुभ शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना आटपल्यावर तो पाळकसाहेबांकडे गेला. हे उजागरे पाळक, वयानं तिशीतले, नगरकडचे; त्यांच्याकडे अशा तीन वस्त्या होत्या आणि एक मोटरसायकल. सावळेरामानं सगळं सांगितलं. खुराड्यासकट. सांगताना तो पाळकसाहेबांच्या चपलांकडे बघत होता.

"म्हणून तुम्ही पेला घेत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हांला साखर आहे."

"न्हाई. साखर न्हाई."

"सावळेरामकाका, पश्चात्ताप मनापासून आहे ना? मग प्रभूनं क्षमा केलीच आहे."

"केली आसंल. त्याला पयल्यापासनं ठावं हाय, त्याचा सवाल न्हाई. जिला ठावं न्हाई तिचं काय?"

पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते पाळकसाहेबांना त्या क्षणी फार चकचकीत वाटलं असावं. "खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर घाबरलो असतो," ते म्हणाले. "मी येऊ का बरोबर?"

"नको. कबरी मी एकट्यानंच केल्या व्हत्या."

शनिवारी तो चुना कालवून बसला होता. साळुबाई नेहमीसारखी किटली घेऊन आली. चुन्याच्या दिवशी त्याला चहा द्यायचा हा तिचा नऊ वर्षांचा नेम. ती तिसऱ्या कबरीपाशी खाली टेकली. सावळेरामानं कुंचा बादलीत ठेवला.

"मास्तरीणबाई, तबिता हितं न्हाई."

"म्हायतीय की. ती प्रभूपाशी हाय."

"तसं न्हवं. खोक्यात न्हाई."

साळुबाईचा हात किटलीच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. सावळेराम बोलत गेला. कौलं, वासे, उंबरा, जातं, बाभळीच्या मोळ्या. एकही वस्तू त्यानं वगळली नाही. नऊ वर्षांत ती यादी त्याला पाठ झाली होती. पाणी चिंचेशी आलेलं सांगितलं. दगड सांगितले.

साळुबाईनं एकच विचारलं. "खुराडा आणलास?"

"आणला."

ती उठली. किटली घेतली. चहा न ओतताच तशीच भरलेली किटली घेऊन, काठी टेकत, ती वस्तीकडे चालू लागली. सावळेराम बघत राहिला. वाटेत ती एकदाही थांबली नाही, आणि याचं त्याला फार वाईट वाटलं, कारण एरवी ती तीनदा थांबायची.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या पहाटे, सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमली. ही उपासना तिथेच होते, उगवतीकडे तोंड करून. साळुबाई आली नाही. बायका म्हणाल्या, कंबर धरली असंल. पाळकसाहेबांनी दरवर्षीप्रमाणे हात वर केला आणि मोठ्यानं म्हटलं, "प्रभू उठला आहे, कबर रिकामी आहे!" म्हणताना त्यांची नजर सावळेरामाकडे गेली आणि आवाज मध्येच चिरकला. मंडळींनी आनंदानं साथ दिली. या वाक्याला गेली नऊ वर्षं सावळेरामाच्या छातीत धस्स व्हायचं. ईस्टरसारखा आनंदाचा सण एखाद्याच्या इतका जिवावर यावा, याचं दुसरं उदाहरण ख्रिस्ती जगतात सापडणं कठीण.

मग तो वाट बघत राहिला. आज ना उद्या वस्तीत बोभाटा होईल, लोक दारात येतील, शिव्या देतील. त्याची तयारी होती. बेल्ह्याच्या बाजारात तो मुद्दाम गर्दीतून हिंडला. कुणी काही बोललं नाही. लोक हसून "काय सावळेभाऊ, बरं हाय न्हवं?" विचारत होते, आणि प्रत्येक हसण्यासरशी तो आणखी एकटा होत होता. साळुबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. देवळात त्यानं झाडलेल्या जागेवर बसायची आणि उठून जायची. एके दिवशी त्यानं खुराडा फोडायला कुऱ्हाड उचलली. पण सागवान चांगलं होतं. तिथंही हात आखडला. मग स्वतःचीच लाज वाटून तो परसात बसून राहिला. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर शब्द येईनात. शेवटी म्हणाला, "प्रभू, मी हाय." आणखी काही सुचलं नाही.

मे महिन्याच्या मध्याला एका सकाळी दारात टेंपोचा भोंगा वाजला. पीरमहंमदचाच टेंपो, नऊ वर्षांत तो आणि टेंपो दोघंही म्हातारे झालेले. पुढं त्याच्या शेजारी साळुबाई बसली होती.

"चढ मागं," ती म्हणाली. "पहार घे."

सावळेराम मागं चढला. जिथे पाच खोकी होती तिथे बसला. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. घोडेगावला पीरमहंमद चहाला उतरला. साळुबाई पुढंच बसून राहिली. पीरमहंमदनं सावळेरामाच्या हातात कप दिला आणि हळूच म्हणाला, "म्हातारीनं मला सांगितलं सगळं. पण मला ठावंच व्हतं, सावळेभाऊ."

"कदीपासनं?"

"खोकं उचललं तवाच. आमच्या कबरस्तानात जुनी हाडं निघत्यात. सुपातल्या भुशावाणी हलकी असत्यात. तुमची चार माणसानं उचलना."

"मग बोलला का न्हाईस?"

पीरमहंमदनं चहा संपवला. "तुमच्या धर्मात मी काय बोलणार? म्हणलं, यांच्यात माणूस जड व्हत आसंल."

त्या वर्षी पाऊस मागच्या सालापासूनच रुसलेला, आणि धरण पार तळाला गेलं होतं. टेंपो रस्त्यावर ठेवून तिघं उतारावरून खाली गेली. पीरमहंमदनं साळुबाईला निम्मी वाट पाठीवर घेतलं. खाली पळसवाडी होती. म्हणजे चौथरे होते, भेगाळलेला गाळ होता, देवळाच्या दोन पायऱ्या होत्या आणि चिंचेचं काळं खोड. सावळेरामानं स्वतःचा चौथरा ओळखला. इतका स्वच्छ, काहीही मागं न ठेवता रिकामा केलेला चौथरा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

कबरस्तानाच्या जागी हिरवंगार होतं. गाळपेर केलेली, धरण आटलं की उघड्या पडलेल्या गाळात करतात तशी. वरच्या वाडीतला जानकू नावाचा माणूस तिथं काकडीच्या वेलांना पाणी घालत होता.

"कुणाचं हाय रं शेत?" साळुबाईनं विचारलं.

"पाण्याचं," जानकू म्हणाला. "उन्हाळ्यात माझं."

साळुबाई वेलांतून फिरू लागली. काठीनं पानं बाजूला करी, वाकून बघे, पुढं जाई. चार कबरींचे उंचवटे सापडले. पाचवा सापडेना. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला.

"मी कडंनं लावल्या व्हत्या," ती म्हणाली. "तिच्या गारगोट्या. सगळ्या. डबाभर व्हत्या घरात. पांढऱ्या हायती, दिसाया पायजेत. कुठं गेल्या?"

सावळेरामाच्या हातातून पहार खाली पडली.

"सावळ्या, खोक्यात दगडं कुठली घातलीस?"

"हाताशी लागली ती."

"पोरीच्या खोक्यात?"

सावळेराम पहार उचलायला वाकला. वाकूनच म्हणाला, "त्याच. कडंच्या. जवळ व्हत्या म्हणून. मला... माझ्या डोक्यात काय बी आलं न्हाई मास्तरीणबाई. हात घातला आन् भरल्या."

साळुबाई उभी होती ती काकडीच्या वेलात मटकन बसली. तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. पीरमहंमद घाबरून पुढं झाला, आणि मग थांबला, कारण बाई हसत होती. हसता हसता रडत होती, आणि रडता रडता परत हसत होती.

"म्हंजी नऊ वर्सं मी तिच्या गारगोट्यांना फुलं वाहतीय," ती म्हणाली. "ज्यापायी तिला बडवलं, त्याच. पाळकानं वर प्रार्थना म्हणली. प्रभू, बघितलंस का रं ह्या येड्याचं?"

वाऱ्यानं वेलांची पानं उलटत होती.

"उकरू का?" सावळेरामानं विचारलं.

"नको. तवा उकरलं न्हाईस, आता कशाची घाई?" तिनं डोळे पुसले. "इथं बरी हाय ती. ज्यानं उठवायचं तो पाण्यातनं उठवील. त्याला तुझं खोकं लागतंय व्हय? मी मेले की तेवढ्या गारगोट्या काढ आन् माझ्या पदरात घाल. म्हणावं, घे बाई, खिसे फाटू देत."

"मास्तरीणबाई, मी—"

"तू गप. मला बोलू दे. म्हैनाभर मी तुला शाप देत व्हते. रोज गुडघे टेकायचे आन् प्रार्थना करायची सोडून तुला शाप द्यायचे. प्रभू ऐकून घेतोय, ऐकून घेतोय. मग एका रोजी मला आठवलं, ताप यायच्या आदल्या दिशी मी तिला खिशापायी थोबाडीत दिली व्हती. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. मास्तरांना न्हाई, पाळकाला न्हाई. तू निदान तोंडानं सांगितलंस." ती थांबली. "नऊ वर्सं तिच्या कबरीला दोन हात चुना दिलास. मला वाटायचं, केवढी माया."

"माया न्हवती," सावळेराम म्हणाला. "भ्या व्हतं."

"आसंल. चुना तोच."

जानकूनं तीन काकड्या तोडून आणल्या. पावण्यांना रिकामं पाठवायचं नाही म्हणून. साळुबाईनं त्यातली एकच घेतली. खायच्या आधी प्रार्थना करायची तिची सवय होती. तिनं डोळे मिटले आणि बोलली, थोडक्यात, जशी रोज बोलते तशी, त्यात तबिताचं नाव घेतलं आणि सावळेरामाचंही. पीरमहंमदनं हात जोडले नाहीत, पण टोपी सरळ केली. मग तिनं काकडी मोडून तिघांत वाटली. सावळेरामानं आपला तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ला. काकडी गोड होती, आणि कुठल्या जमिनीतली हे तिघांनाही ठाऊक होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी साळुबाई सावळेरामाच्या परसात आली. काखेत पाय बांधलेली तांबडी कोंबडी.

"हे घे. माझ्या पोरीच्या जागी खुराडा आणलास न्हवं? मग वापर तरी. नऊ वर्सं रिकामा ठेवून कुणाचं भलं केलंस?" तिनं कोंबडी आत ढकलली आणि दार लावून घेतलं. कोंबडीनं आत एक फेरी मारली, कोपरा बघितला आणि बसली. बाकीच्या चार कबरींच्या घरांत जाऊन त्यानं काय सांगायचं, कसं सांगायचं, ते दोघं मग उंबऱ्यावर बसून ठरवत होते. उंबरा पळसवाडीचाच. त्याच संध्याकाळी तो जाऊन आला. चारांपैकी एका घरानं त्याच्याशी बोलणं टाकलं, ते पुढं वर्षभर. एकानं दार लावून घेतलं. बाकीच्या दोघांनी ऐकून घेतलं. हा हिशोब त्याला अन्यायाचा वाटला नाही.

रविवारी तो नेहमीसारखा मागं, भिंतीशी उभा होता. पेल्यांचं तबक पुढून फिरत आलं. साळुबाई आपल्या जागेवरून वळली, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावळ्या, तुला साखर न्हाई. मला पाळकांनी सांगितलंय. ये हिकडं." आणि सरकून तिनं बाकावर जागा केली.

सावळेराम भिंतीपासून बाकापर्यंत चालत गेला. ते अंतर वीस पावलांचं असेल. एक घर मान फिरवून बसलं होतं, ते त्याला दिसलं. तरी तो बसला. पेला उचलला तेव्हा साळुबाईनं खालून आपला हात लावला.

सगळे गेल्यावर तो मागच्या मोरीवर पेले घासायला बसला. एकेक राखेनं घासला, दोनदा विसळला, फडक्यावर पालथा घातला. तेवीस झाले. मग शेवटचा घेतला, आपला. तो त्यानं जरा जास्त वेळ घासला, काही कारण नसताना, आणि बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. मग ओले हात सदऱ्याला पुसत, कुशाबाईला सांगायला कबरस्तानाकडे निघाला.